कंट्रोल ग्रुपमधलं मूल

गेल्या दिवाळीत ब्रह्मपुरीला ताईकडे गेलो होतो. घरात शिरलो तर टीव्हीचा आवाज इतका मोठा, की स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकू येईना. पाच वर्षांचा भाचा टीव्हीला नाक लावून बसला होता. मी मागून दोनदा हाक मारली. त्यानं वळूनही पाहिलं नाही. तिसऱ्यांदा खांद्याला हात लावला, तेव्हा "मामा!" म्हणून गळ्यात पडला.

"कोणाचं ऐकूनच नाही राहिला हा," ताई म्हणाली. "शाळेतल्या मॅडमही तेच म्हणतात. लक्षच नाही म्हणे. यांनी तर एकदा मारलं त्याला."

पण त्याचं लक्ष होतं. त्याला ऐकू येत नव्हतं.

जवळच्या एका डॉक्टरांनी कानात पाहिलं आणि पडद्यामागे पाणी जमल्याचं सांगितलं. नाकात मारायचा स्प्रे दिला, एक सिरप दिलं आणि नेब्युलायझर, म्हणजे तोंडावर मास्क लावून औषधाची वाफ घ्यायचं मशीन, विकत आणायला सांगितलं. ताईनं सकाळ-संध्याकाळ नेमानं वाफ दिली. भाचा रडायचा, मास्क ओढायचा, मग मोबाईलवर कार्टून लावून त्याला बसवायची. जानेवारीत चंद्रपूरला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे तपासणी झाली. कान मोकळे झाले होते.

"मशीननं बरं झालं," असं ताईनं सगळ्यांना सांगितलं. शेजारच्या काकू त्यांच्या नातीसाठी मशीन मागून घेऊन गेल्या.

मी फोनवर एवढंच विचारलं, "कशावरून मशीननं?"

"कशावरून म्हणजे? तू तिकडं कॉम्प्युटरसमोर बसून राहतो. इकडं पोरगं ऐकून राहिलं न?"

मग मी तिला चाचणी म्हणजे काय ते समजावायला गेलो. अर्ध्या मुलांना खरं औषध, अर्ध्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी. कोणाला काय मिळालं हे आईबापांनाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे अर्ध्या लेकरांना खोटं औषध द्यायचं? तुझ्या भाच्याला दिलं असतं तर चाललं असतं तुला?"

मला उत्तर देता आलं नाही. हा लेख त्या उत्तरासाठी आहे.

हिरवं बटण, निळं बटण

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. 'कंट्रोल ग्रुप' हा शब्द मी आठवड्यातून चार वेळा तरी वापरतो. ॲपमध्ये नवीन बटण टाकायचं असेल, तर निम्म्या लोकांना जुनं बटण दाखवायचं आणि निम्म्यांना नवं. दोन आठवडे थांबायचं, आकडे बघायचे. जुनं बटण ज्यांना दिसतं, तो कंट्रोल ग्रुप. त्यांना कोणी विचारत नाही आणि ते कळवतही नाहीत. हा लेख तुम्ही फोनवर वाचत असाल, तर आज तुम्हीही कुठल्यातरी कंट्रोल ग्रुपमध्ये असण्याची बरीच शक्यता आहे.

हे का करावं लागतं? कारण वापर वाढला तर तो बटणामुळे वाढला, की महिन्याची एक तारीख होती आणि पगार झाले होते म्हणून वाढला, हे एकच गट बघून सांगता येत नाही. माझ्या कामात याचं उत्तर चुकलं तर फार तर एखाद्या मॅनेजरचं प्रेझेंटेशन चुकतं. पण ताईच्या प्रश्नातला कंट्रोल ग्रुप बटणांचा नव्हता, लेकरांचा होता.

पाणी कुठून येतं, कसं जातं

कानाच्या पडद्यामागे एक छोटी पोकळी असते, मधला कान. तिथं हवा असावी लागते. ती हवा येते नाकाच्या मागून निघणाऱ्या एका बारीक नळीतून, युस्टेशियन नळीतून. लहान मुलांत ही नळी आखूड आणि आडवी असते. सर्दी झाली, नाकामागच्या ग्रंथी सुजल्या, की ती नीट उघडत नाही. मग आतली हवा शोषली जाते आणि तिच्या जागी पाणी झिरपतं. कधीकधी ते डिंकासारखं चिकट होतं. म्हणून इंग्रजीत याला 'ग्लू इअर' म्हणतात. दुखत फारसं नाही, ताप येत नाही. फक्त जग कानात बोट घातल्यासारखं ऐकू येतं. म्हणूनच ते लवकर कोणाच्या लक्षात येत नाही आणि मूल हट्टी ठरतं.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की बहुतेक मुलांत हे पाणी काही न करता, साधारण तीन महिन्यांत आपोआप निघून जातं. म्हणून अनेक देशांतल्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की आधी तीन महिने लक्ष ठेवा, वाट बघा. पाणी टिकून राहिलं आणि ऐकण्यावर परिणाम होत असेल, तर पडद्यात छोटी नळी, म्हणजे ग्रोमेट, बसवण्याचा विचार करा.

जो आजार आपोआप बरा होतो, त्यावर प्रत्येक औषध लागू पडल्यासारखं वाटतं. वाफही, स्प्रेही आणि आजीचा लसणाचा काढाही.

ब्रिटनमध्ये 4 ते 11 वर्षांच्या 217 मुलांवर नाकातल्या स्टिरॉइड स्प्रेची चाचणी झाली. निकाल 2009 मध्ये आला. खऱ्या स्प्रेत आणि औषध नसलेल्या स्प्रेत दखल घ्यावा असा फरक दिसला नाही. वेल्स आणि इंग्लंडमध्ये 389 मुलांवर तोंडावाटे द्यायच्या स्टिरॉइडची चाचणी झाली, तिचा निकाल 2018 चा. पाच आठवड्यांनी खऱ्या औषधाच्या गटात 40 टक्के मुलांना नीट ऐकू येऊ लागलं होतं आणि खोट्या औषधाच्या गटात 33 टक्के. हा फरक इतका लहान होता, की तो योगायोगानंही पडू शकतो. पण त्या 33 टक्क्यांकडे नीट पाहा. तीनपैकी एक मूल औषधाचा कणही न घेता बरं झालं. त्यांच्या आयांना विचारलं असतं, तर त्यांनीही शपथेवर सांगितलं असतं, की औषधानं बरं झालं.

नाकानं फुगवायच्या एका फुग्याची चाचणीही झाली. 320 मुलं होती, निकाल 2015 चा. फुगा फुगवणाऱ्यांत महिन्याभरात सुमारे 47 टक्के मुलांचे कान मोकळे झाले, न फुगवणाऱ्यांत सुमारे 36 टक्के. फायदा थोडाच, पण खरा. म्हणजे चाचण्या नेहमी 'नाही'च म्हणतात, असं नाही.

श्वासावाटे द्यायच्या एका औषधाची कल्पना तर फार देखणी आहे. फुप्फुसांत सर्फॅक्टंट नावाचा एक पदार्थ असतो. साबण जसा पाण्याचा ताण कमी करतो, तसं त्याचं काम. त्यामुळे फुप्फुसातले फुगे एकमेकांना चिकटत नाहीत. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळांत तो कमी असतो, आणि बाहेरून दिला तर जीव वाचतात. हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. मग तोच पदार्थ फवाऱ्यानं नाकात मारला, तर चिकटलेली युस्टेशियन नळीही उघडेल? प्राण्यांवरच्या प्रयोगांत आशा दिसली. पुढे कानाचा संसर्ग झालेल्या बाळांवर छोटी चाचणी झाली, तिच्यात अपेक्षित फायदा दिसला नाही. तर्क देखणा आहे म्हणून औषध चालतंच असं नाही. कोड लिहिणाऱ्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको.

रात्री प्राणवायू वाढवणाऱ्या नर्स

तरीही ताईचा प्रश्न उरतोच. एखाद्या लेकराला जाणूनबुजून औषधाविना ठेवणं योग्य कसं?

1940 च्या दशकात अमेरिकेत आणि इतर श्रीमंत देशांत दिवस अपुरे असलेली बाळं अचानक आंधळी होऊ लागली. त्यांची संख्या 10,000 च्या आसपास गेली असं मानतात. त्यांना काचेच्या पेटीत ठेवून भरपूर प्राणवायू दिला जात होता. श्वासावाटे द्यायची याहून निरुपद्रवी गोष्ट कोणती असणार? पण संशय त्याच्यावरच येऊ लागला. वॉशिंग्टनच्या एका रुग्णालयात चाचणी सुरू झाली. काही बाळांना नेहमीसारखा जास्त प्राणवायू, काहींना कमी. तिथल्या काही नर्सना हे सहन होईना. कमी प्राणवायूच्या गटातल्या बाळांच्या पेटीत त्या रात्री गुपचूप प्राणवायू वाढवायच्या.

मला या नर्स ताईसारख्या वाटतात. त्यांच्या मनात फक्त माया होती. आणि त्या मायेपोटी त्या ज्या बाळांना वाचवत होत्या, त्यांच्याच डोळ्यांना धोका वाढवत होत्या.

1953 मध्ये 18 रुग्णालयांनी मिळून मोठी चाचणी केली आणि जास्त प्राणवायूमुळे अंधत्व येतं हे स्पष्ट झालं. सगळीकडे प्राणवायू कमी केला गेला. पण गोष्ट इथं संपत नाही. त्या चाचणीत बाळं जन्मानंतर 48 तासांनी घेतली होती. पहिल्या दोन दिवसांत कमी प्राणवायूनं काय होतं, हे मोजलंच गेलं नव्हतं. पुढच्या वर्षांत डोळे वाचले, पण प्राणवायू कमी पडून कितीतरी बाळं पहिल्या दिवसांतच गेली, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं.

मी यातून दोन गोष्टी घेतो. चाचणी न करणं म्हणजे प्रयोग टाळणं नव्हे. तो प्रयोगच असतो, फक्त सगळ्यांवर एकदम केलेला आणि वहीत न लिहिलेला. आणि चाचणी केली तरी जे मोजलं नाही, ते आपल्याला दिसत नाही.

39 गावं आणि 47 गावं

कंट्रोल ग्रुपचा सगळ्यात अवघड प्रश्न पाहायला मला अमेरिकेत जायची गरज नाही. वैनगंगा ओलांडली की पुरे.

1982 मध्ये चंद्रपूरचं विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. तिथं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था उभी केली. आधी त्यांनी लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम केलं. गावातल्याच कार्यकर्त्यांना श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवलं, आणि 58 गावांची तुलना 44 गावांशी केली. तो निकाल 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. मग त्यांनी नवजात बाळांकडे मोर्चा वळवला. 39 गावांत घरोघरी बाळांची काळजी, आणि तुलनेसाठी 47 गावं. त्या 47 गावांत सरकारी आरोग्यसेवा, अंगणवाडी जे होतं ते तसंच.

1995-96 हे वर्ष मुख्यतः निरीक्षणाचं होतं. आरोग्यदूत म्हणून शिकवलेल्या गावच्या स्त्रियांनी 763 बाळं त्यांच्याच घरात पाहिली आणि नोंदी केल्या. निम्म्याहून जास्त बाळांना उपचारांची गरज होती. डॉक्टरांपर्यंत पोचली 2.6 टक्के. जंतुसंसर्गावर आरोग्यदूतानं घरातच इंजेक्शन द्यायचं, हे 1996 मध्ये सुरू झालं. तिसऱ्या वर्षापर्यंत 39 गावांतला नवजात मृत्युदर हजारी 62 वरून 25 च्या आसपास आला. तुलनेच्या गावांत तो 60 च्या जवळच राहिला. 1999 मध्ये हेही 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

आता त्या 47 गावांतल्या एखाद्या आईच्या जागी उभं राहून पाहा. दहा-बारा किलोमीटरवरच्या गावात बाळं जगतायत. आपल्या गावात कोणीतरी येतं, जन्म लिहून घेतं, मृत्यू लिहून घेतं आणि जातं.

मी हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा पोटात कालवलं. मग मी स्वतःला विचारलं, इथं नक्की कोणती गोष्ट माहीत नव्हती? त्या औषधानं जंतू मरतात, हे माहीतच होतं. माहीत नव्हतं ते हे, की पाच-दहा इयत्ता शिकलेली बाई झोपडीत, कंदिलाच्या उजेडात, अडीच किलोच्या बाळाचा आजार ओळखून इंजेक्शन देऊ शकेल का? की तिच्या हातून बाळं दगावतील? हा संशय खोटा नव्हता. डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हाती सुई देणं बहुतेक डॉक्टरांना तेव्हा धोक्याचं वाटायचं. कदाचित तुलनेची गावंच सुरक्षित ठरली असती. प्राणवायूच्या गोष्टीत तसंच झालं होतं.

बेंजामिन फ्रीडमन नावाच्या तत्त्वज्ञानं 1987 मध्ये ही कसोटी मांडली. एखाद्या डॉक्टरला मनातून काय वाटतं, हा प्रश्नच नाही. त्या विषयातल्या जाणकारांमध्ये खरोखर मतभेद असेल, तरच मुलांची अशी वाटणी करणं योग्य. ताईला मशीनची खात्री होती, नर्सना प्राणवायूची होती. खात्री म्हणजे ज्ञान नव्हे.

पण एवढं पुरत नाही

इथं थांबलो असतो, तर लेख सोपा झाला असता. तुलनेच्या गावांकडून काही काढून घेतलं नव्हतं, हे खरंच आहे. पण त्यांच्याकडे होतं काय? हजारातली साठ बाळं महिन्याभरात जाणं, ही त्या गावांची 'नेहमीची परिस्थिती' होती. ती परिस्थिती कोणा संशोधकानं केली नव्हती. रस्ता नसणं, डॉक्टरची जागा रिकामी असणं, यानं ती झाली होती. पुण्या-मुंबईत ही तुलना मांडताच आली नसती, कारण तिथलं 'नेहमीचं' वेगळं आहे. म्हणजे गरिबांचं दुर्लक्षित असणंच संशोधनाच्या उपयोगी पडतं. हे कुठल्याही नियमावलीनं पुसलं जात नाही.

आणि संमती? सिरोंच्यावरून गोदावरी पुढे वाहत तेव्हाच्या खम्मम जिल्ह्यात जायची. तिथं 2009 मध्ये एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्रकल्पात 10 ते 14 वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस दिली गेली. त्यांत वसतिगृहात राहणाऱ्या अनेक आदिवासी मुली होत्या. कितीतरी संमतिपत्रांवर आईवडिलांच्या नव्हे, वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. 2010 मध्ये प्रकल्प थांबवला गेला आणि 2013 मध्ये संसदेच्या समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली की वाईट, हा इथला मुद्दा नाही. चांगल्या लसीसाठीसुद्धा आई दूर आहे म्हणून वॉर्डनची सही चालत नाही.

म्हणून मला आता असं वाटतं. कंट्रोल ग्रुपमध्ये मूल ठेवणं योग्य ठरतं, ते त्यातून ज्ञान मिळतं एवढ्यानं नाही. ते ठरतं तीन गोष्टींवर. आपल्याला खरोखरच उत्तर माहीत नाही. ज्याला विचारायचं, त्याला त्याच्या भाषेत विचारलं आहे आणि तो नाही म्हणू शकतो. आणि उत्तर मिळालं की ते सगळ्यात आधी त्याच्या दारात परत जातं. तिसरी अट बहुतेक वेळा विसरली जाते. ज्यांनी औषधाविना वाट पाहिली, त्यांचं आपण देणं लागतो. गडचिरोलीत शिकलेली घरोघरी बाळ बघण्याची पद्धत 2011 पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली, हे त्या कर्जाची काहीशी परतफेड वाटते. पण त्या 47 गावांत दगावलेल्या बाळांच्या आयांना कोणी जाऊन सांगितलं असेल का, की तुमच्या गावच्या नोंदींवाचून हे सिद्ध झालं नसतं? मी त्यांच्या जागी असतो, तर मला ते ऐकायचं असतं.

जो कुठल्याच गटात नाही

अजून एक मूल माझ्या डोक्यातून जात नाही. ते भामरागडकडच्या एखाद्या आश्रमशाळेत पहिलीत असेल. घरची भाषा माडिया, शाळेची मराठी. कानात पाणी आहे. पडद्यामागे पाणी आहे का हे सांगणारं यंत्र तिथून किती तास दूर असेल, कोण जाणे. गुरुजी म्हणतील, याला मराठी येत नाही. मराठी येतच नाही, हे खरंही असेल. त्यामागे ऐकू न येणं लपून जाईल. ते औषधाच्या गटात नाही, खोट्या औषधाच्या गटातही नाही. त्याची कुठंच नोंद नाही. माझ्या भाच्याला निदान मामा होता, टीव्ही होता आणि चंद्रपूरला नेणारी गाडी होती.

कंट्रोल ग्रुपमधल्या मुलाचा कान निदान कोणीतरी तपासतं, तारीख लिहितं, महिन्यानं परत बघतं. आपण हळहळतो त्याच्यासाठी. मला वाटतं, जास्त हळहळ ज्याला मोजलंच नाही त्याच्यासाठी असावी.

परवा ताईचा फोन आला. शेजारच्या काकूंच्या नातीला अजून नीट ऐकू येत नाही, वाफ चालूच आहे, तीन महिने उलटून गेले. मी म्हटलं, "ताई, तिला चंद्रपूरला घेऊन जा म्हणा. आता वाट बघायची वेळ संपली."

"अन् मशीन?"

"मशीन सर्दीचं आहे का, दम्याचं आहे का, डॉक्टर सांगतील. कानासाठी नको."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तू अजून सांगितलं नाही. तुझ्या भाच्याला खोटं औषध दिलं असतं, तर चाललं असतं का?"

"त्याच्या आजारात खरं काय लागू पडतं, हे डॉक्टरांनाच माहीत नसेल, तुला सगळं नीट समजावून विचारलं असेल आणि दर महिन्याला त्याचा कान कोणी तपासत असेल, तर हो," मी म्हटलं. "चाललं असतं."

"अन् मी नाही म्हटलं असतं तर?"

"तर नाही."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि काकूंना हाक मारायला गेली.